हिरव्या शाईत न लिहिलेला रस

माझी सगळी कारकीर्द एका म्हाताऱ्याच्या पोटावर उभी आहे. हे आजोबा धुळ्याला देवपुरात राहायचे, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते आणि नऊ दिवस त्यांना परसाकडला झालं नव्हतं. नळ्या, गोळ्या, एरंडेल सगळं करून घरचे थकले तेव्हा कुणीतरी मला बोलावलं. मी तेव्हा मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ‘निसर्गोपचार केंद्र’ अशी पाटी लावून बसलेला तिशीतला प्राणी. बारावी सायन्सला दोनदा आपटलो, पुण्याकडच्या एका आश्रमात वर्षभर माती, पाणी आणि उपास शिकलो आणि जगाला सुधारायला गावी परतलो. गिऱ्हाईक म्हणजे दुकानात बसून पोट सुटलेले व्यापारी. त्यांच्या पोटावर काळ्या मातीचा लेप थापायचा आणि चेहरा गंभीर ठेवायचा, हे मला उत्तम जमायचं.

आजोबांच्या पोटावर मी ओल्या फडक्याची पट्टी बांधली, वरून लोकरीचं गुंडाळलं, पपई चारली, कोमट पाण्याचा एनिमा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात देवाचे आभार मानले. देवाचेच. माझं नावही घेतलं नाही.

पण त्यांच्या मुलाने घेतलं. मुलगा जळगावला कॅन्सरचा डॉक्टर होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे तोवर या आजाराचं निदान झालं की माणसं मुंबईला जात, नाहीतर घरी खाट अंगणात काढत. या डॉक्टरांनी बारा खाटांचा दवाखाना टाकला होता. मुंबईहून ऑपरेशन करून आलेल्या पेशंटला पुढची औषधं इथेच मिळावीत म्हणून. ते माझ्या शेडमध्ये आले, लेपाच्या बादल्यांकडे बघत उभेच राहिले आणि म्हणाले, “दर गुरुवारी जळगावला याल का?”

मला वाटलं, अखेर विज्ञानाचे डोळे उघडले. मी म्हणालो, “कॅन्सरवर आमच्याकडे फार चांगले—”

“थांबा. कॅन्सरवर तुमच्याकडे काही नाही. माझ्याकडे आहे तेसुद्धा पुरेसं नाही. पण माझं औषध पेशंटला सोसत नाही, उलट्या होतात, तोंड येतं, पोट कडक होतं, झोप उडते, मग ते तिसऱ्या सलाईननंतर येतच नाहीत. न आलेल्या माणसाला मी काय बरा करू? ते सोसवण्याचं काम तुम्ही करायचं. तेवढंच.”

‘तेवढंच’ हा शब्द मला लागला. पुढचं सगळं रामायण त्या शब्दातून झालं असं मी पुष्कळ वर्षं सांगत होतो. खरं म्हणजे ते माझ्यातून झालं.

दवाखान्यात आम्ही तिघं होतो. डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि मी. सिस्टर भुसावळच्या, रेल्वेवाल्यांच्या घरातल्या. गाडीच्या वेळेसारख्या बोलायच्या, म्हणजे एकदा सांगितलं की संपलं. प्रत्येक पेशंटचा एकच कागद असायचा आणि त्यावर तिघांनीही लिहायचं. डॉक्टरांची शाई निळी, सिस्टरांची लाल, माझी हिरवी. तालुक्याचे साहेब लोक हिरव्या शाईत सह्या करतात. आमच्या घराण्यात हिरवं पेन हातात धरणारा मीच पहिला, त्यामुळे सुरुवातीला मी पेशंटचं पाणीसुद्धा दोन ओळींत लिहायचो. नियम असा की पेशंटच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट कागदावर आली पाहिजे, मग ती आल्याची चकती का असेना. गुरुवारी दुपारी बैठक व्हायची, कागद हातोहात फिरायचे, माझ्या ओळी डॉक्टर मोठ्याने वाचायचे. “पोटावर पट्टी, ठीक. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ठीक. पायांना गरम पाणी? नको, हिला बधीरपणा आलाय, भाजेल, कळणार नाही.” मग मी ती ओळ खोडायचो. उपास तर पहिल्याच गुरुवारी खोडला गेला. उपास खोडलेला निसर्गोपचारवाला म्हणजे वस्तरा काढून घेतलेला न्हावी. तरी काम चांगलं चाललं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. लोक तिसऱ्या सलाईनला परत येऊ लागले होते.

अक्का आल्या त्या जेठ महिन्यात. धरणगावच्या, चाळिशीच्या आतबाहेर. छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन मुंबईला झालेलं, पुढे दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सलाईन. यजमान जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसायचे. बायकोचं वजनही ते नजरेने सांगायचे आणि पाव किलोने चुकायचे नाहीत. घरी दोन शाळकरी मुली. बरोबर सासू, जिला सगळे माय म्हणत; उंच, हाडं मोठी, बोलणं कमी. अक्कांना सहाही सलाईन पुऱ्या झाल्या तर आशा आहे, मध्ये सुटलं तर नाही, असं डॉक्टरांनी यजमानांना माझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणजे काय पणाला लागलंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अजाणतेपणाची सोय मला नाही.

पहिली सलाईन निभली. दुसरीनंतर पाचव्या दिवशी त्यांना परत आणून ॲडमिट करावं लागलं. पाणी टिकत नव्हतं, जिभेवर फोड. मी गुळण्या, तूप, पट्टी, सगळं केलं. अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “भाऊ, माले आते ह्या सुया नको. माले घर जाऊ द्या. पोरीसले डोया भरी पाहू द्या.”

मी बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. माझ्या पोतडीत एक गोष्ट शिल्लक होती, जी मी आठवडाभर आधी बैठकीत मांडली होती आणि जी डॉक्टरांनी खोडली होती. गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा रस. त्या वर्षांत त्याचं भारी पेव फुटलं होतं. जो तो गच्चीवर गहू पेरत होता. आमच्या आश्रमात तर तो अमृताच्या एक पायरी खाली होता. डॉक्टर म्हणाले होते, “कच्चं काही नाही. औषधानंतर दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. शेताचा राखण्या गावाला गेलेला असतो, गुरं कुठूनही शिरतात. जे द्याल ते शिजवून.” मी म्हणालो, “शिजवल्यावर त्यात राहतं काय?” सिस्टर कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, “पेशंट.”

सगळे हसले. मीही हसलो. आतून जळून खाक झालो.

तर पुढच्या गुरुवारी मी धुळ्याहून निघताना ओल्या फडक्यात पाती गुंडाळून आणली आणि गहू पेरलेल्या दोन पाट्याही एस.टी.त घातल्या. कंडक्टरने पाट्या बघितल्या, मला बघितलं आणि विचारलं, “आणि शेळी कुठंय?” पारोळ्यापर्यंत गाडीभर लोक मला शेळी विचारत होते. दैव इशारा देताना असंच देतं, कंडक्टरच्या तोंडून. पण मला तेव्हा सगळं जग अडाणी वाटायचं.

रस वाटीभर काढून मी अक्कांपुढे धरला. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. “हाई तर ढोरनं खाणं शे.” मग मला ते सुचलं. मला कायम काहीतरी सुचतं, तीच तर पीडा आहे. मी म्हणालो, “अक्का, नवरात्रात घटाला काय पेरता?”

“गहू.”

“मातीत?”

“मातीमाच.”

“मग हे देवीचंच धान. देवीला नाही म्हणता का?”

अक्का हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा हसल्या. नाक दाबून वाटी रिकामी केली आणि ती पोटात राहिली. पलीकडच्या स्टुलावर माय बसली होती. ती हसली नाही. तिने पाट्यांकडे बघून हळूच हात जोडले. मी ते पाहिलं. पाहून मला गंमत वाटली. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

पाट्या धरणगावला गेल्या. अक्का सुधारल्या, सलाईननंतर तिसऱ्या आठवड्यात अंगात जरा धुगधुगी येतेच, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, रस लागू पडला. कागदावर मी काही लिहिलं नाही. माझा बेत असा की तिसरी सलाईन अक्कांनी झोकात पचवली की भर बैठकीत उभं राहून सांगायचं. डॉक्टरांचा चेहरा कसा होईल, सिस्टर मान उचलतील का, हे मी एस.टी.च्या खिडकीशी बसून दर गुरुवारी पाहत असे. तिसऱ्या सलाईनच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणालेही, “बाई छान दिसतेय. काय जादू केली?” मी म्हणालो, “पोटावरची पट्टी.” आणि हिरव्या शाईत लिहिलं : ‘पोटावर ओली पट्टी, दोन वेळा.’ ते अक्षर अजून डोळ्यासमोर आहे. फार सुरेख आलं होतं.

तिसऱ्या सलाईननंतर अकराव्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन आला. तेव्हा माझे सगळे निरोप तिथेच यायचे. दुकानदार ओरडला, “ओ माती! जळगाव!” मी धावत गेलो. सिस्टर होत्या.

“धरणगावची बाई तापात आली आहे. हुडहुडी थांबत नाही, बोलणं बरळल्यासारखं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. डॉक्टर विचारतात, कागदावर आहे त्यापेक्षा वेगळं काही दिलं होतंत?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार शेंगदाणे तोलता तोलता कान देऊन होता. मी म्हणालो, “नाही.”

फोन ठेवला. दुकानदाराने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही.” सलग दोनदा खोटं बोलून मी जळगावच्या गाडीत बसलो.

तीन तासांचा रस्ता. धुळे, पारोळा, एरंडोल. हसवण्यासारखं त्यात काही नाही. मी स्वतःला सारखं समजावत होतो : ताप कशानेही येतो. गावातलं पाणी. पोरींची सर्दी. डॉक्टर स्वतः म्हणतात की माणसाच्या पोटातलेच जंतू उलटतात. पारोळ्याला गाडी थांबली, लोक उतरून चहा पिऊन आले. मी खिडकीशी बसून देवीची करुणा भाकली. जिच्या नावाने बाईला फसवलं होतं तिचीच. दुसरा कुठला देव त्या वेळी आठवेना. एरंडोल सोडल्यावर मला लख्ख कळलं की मला अक्का वाचायला हव्या आहेत, पण त्याहून जास्त मला हे कुणाला कळायला नको आहे. असं स्वतःबद्दल कळणं फार वाईट. शेजारच्या माणसाने मला लिमलेटची गोळी दिली. त्याला वाटलं, गाडी लागली.

अक्कांना कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर यजमान भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, “सहा किलो गई भाऊ, आठ दिनमा,” आणि पुन्हा समोर बघू लागले. त्यांच्या वजनात चूक नसते.

आत अक्का डोळे अर्धे उघडे ठेवून पडल्या होत्या, ओठ काळे, श्वास वरच्यावर. मला ओळखलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी माय खाली बसली होती, माझ्याकडे पाठ. काय करते म्हणून मी वाकून पाहिलं. मांडीशी स्टीलचा डबा, डब्यावर लुगड्याच्या तुकड्याची पुरचुंडी, आणि ती दोन्ही हातांनी पिळत होती. हिरवं पाणी ठिबकत होतं. मग तिने बोट बुडवलं आणि अक्कांच्या ओठांना लावलं.

“माय! हे काय करताय?”

“देवीनं धान,” ती न वळता म्हणाली. “परवा एक दिन चुकना. म्हनीसन ताप उना. आते चुकू देवाव नही.”

तिचे पाय मला तेव्हा दिसले. टाचा फाटलेल्या, चिखलाने भरलेल्या. नंतर कळलं, महिनाभर ती अनवाणी होती, एक वेळ जेवत होती, पाट्या देव्हाऱ्यापुढे ठेवून रोज नवी पेरत होती. मी सांगितलेलं सगळं तिने पाळलं होतं आणि मी न सांगितलेलं त्याच्या दुप्पट. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण नवसाचं कुणाला सांगायचं नसतं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. सिस्टर तिथेच होत्या. मी म्हणालो, “गव्हाचा रस. महिना झाला. मी दिला.”

डॉक्टर ओरडतील याची मी वाट पाहिली. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, “कच्चा?”

“हो.”

“माती कसली?”

“शेतातली. आणि शेणखत.”

त्यांनी डोळे मिटले, उघडले. “सकाळी फोनवर सांगितलं असतंत तर पाच तास मिळाले असते. पेन आहे?”

मला वाटलं ते काहीतरी लिहून देणार, मला हाकलण्याचं. त्यांनी अक्कांचा कागद माझ्यापुढे सरकवला. “लिहा. कधीपासून, किती, कसा. सगळं.” मी हिरव्या शाईत लिहिलं. कागदावर तीन डाग पडले. माझ्या ओळीखाली त्यांनी निळ्या शाईत आणखी एक इंजेक्शन वाढवलं, सिस्टर वेळ लिहून धावत गेल्या. “यानेच झालं असं नाही म्हणत मी,” डॉक्टर म्हणाले. “कधीच नक्की कळणार नाही. पण कुठे शोधायचं ते आता कळलं. जा, म्हातारीला थांबवा. सुरू तुम्ही केलंत.”

जाता जाता मला पुन्हा सुचलं. सांगितलं ना, पीडा आहे. घट बसतो तसा उठतोही. मायला सांगायचं की दिवस भरले, देवी प्रसन्न झाली, आता घट उठवायचा, धान नदीत सोडायचं. किती सोपं. म्हातारीचा मान राहील, माझाही राहील. दारात पोचलो तर आत सिस्टर सलाईन लावत होत्या. मी “माय, आता घट—” एवढंच बोललो असेन. सिस्टर वळल्या.

“भाऊ. आणखी एक गोष्ट रचायची नाही.”

त्यांना कसं कळलं कोण जाणे. माझ्या तोंडावर बहुधा तेच हसू आलं होतं.

मी मायच्या समोर फरशीवर बसलो. म्हणालो, “माय, हे देवीचं नाही. मी गंमत केली होती. अक्का पीत नव्हत्या, म्हणून तसं म्हणालो. देवीचा याच्याशी काही संबंध नाही. हा रस डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी दिला. यानेच त्यांना ताप आला असेल.”

माय पिळायची थांबली. पुरचुंडी हातातच.

“म्हंजे देवीनं नही?”

“नाही.”

“गंमत?”

“हो.”

“मी महिनाभर अनवानी चालनू.”

मी तिच्या टाचांकडे बघितलं.

“दिन चुकना म्हनीसन मी तिले दोन डाव पाजं. ताप चढस तसं पाजं.” तिचा आवाज चढला नाही. तिने डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. “आते तूच पे.”

मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर सलाईनचे थेंब मोजत होत्या, त्यांनी मान उचलली नाही. मी डबा तोंडाला लावला. आणि इथे मला आणखी एक कबुली द्यायची आहे : महिनाभर ज्याचे गोडवे गायले तो रस मी स्वतः आश्रम सोडल्यापासून प्यायलो नव्हतो. मला त्याचा वास सहन व्हायचा नाही. पहिल्या घोटाला उमासा आला. दुसऱ्याला दाताखाली कचकच झालं. माती. मी जिभेने चाचपलं. बारीक, काळी, आमच्या खानदेशातली कसदार माती.

“धुतलं नव्हतं का माय?”

“देवीनं धान कोन धोस?” ती म्हणाली.

घटाचं धान धूत नाहीत. मुळासकट उपटून माती झटकून कानात खोसतात. माझी आई, आजी, सगळ्यांना मी तेच करताना पाहिलं होतं. पाती कापून स्वच्छ पाण्याने तीनदा धुवायची, हे मी अक्कांना सांगितलं होतं. आणि नंतर एक विनोद करून ते पुसून टाकलं होतं. मी सगळा डबा संपवला. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

पुढचे पाच दिवस मी तिथेच राहिलो. परत जा असं कुणी म्हणालं नाही आणि थांबा असंही. सिस्टरांनी मला हात धुवायला शिकवलं, कोपरापर्यंत, लहान मुलाला शिकवतात तसं. मग कामाला लावलं. पाणी उकळायचं, गार करायचं, फडकं बुडवून अक्कांचं अंग पुसायचं, दर तासाला ताप लिहायचा. गार पट्ट्या ठेवणं हेच तर माझं खरं काम होतं, आश्रमात शिकलेलं, साधं, कुणीही न खोडणारं. ते मला हलकं वाटायचं म्हणून मी अमृताच्या मागे लागलो होतो.

तापाचा आकडा चढला की यजमान आत येऊन बघायचे आणि बाहेर जायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही मुलींना कुणीतरी दारापर्यंत आणलं. आत सोडता येत नव्हतं. धाकटीने दारातून विचारलं, “आई, तू माले वळखस का?” अक्का काहीतरी म्हणाल्या, ते भलत्याच कुणाचं तरी नाव होतं. मोठीने धाकटीचा हात धरला आणि घेऊन गेली. मी मोरीत जाऊन फडकं पिळत राहिलो, ते कोरडं झालं तरी पिळत राहिलो. त्या दुपारी अक्का जाणार याबद्दल मला शंका नव्हती. डॉक्टरांनाही नसावी, ते दर वेळी कागद बघायचे, माझी हिरवी ओळ वाचायचे, जणू तिच्यात अजून काही राहिलंय, आणि जायचे.

माय माझ्याशी बोलत नव्हती. पण चौथ्या दिवशी मी अक्कांच्या ओठांना उकळलेल्या पाण्याचा कापूस लावायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने खुंटीवरचा कागद काढून माझ्यापुढे केला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने बोट ठेवलं ते कागदाच्या मोकळ्या जागेवर.

“हिरवं कोठे शे?”

मी लिहिलं : ‘उकळलेलं पाणी, कापसाने.’ तिने शाई वाळू दिली, मग मनगट सोडलं.

सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. उतरला म्हणजे एकदम नाही, आढेवेढे घेत. पेशी हळूहळू वर आल्या. अक्कांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्हना तोंडले काय व्हयनं? हिरवं दिसस.” ते खरं नव्हतं, पाच दिवस रंग राहत नाही. पण सिस्टर मान उचलून हसल्या. महिनोन्‌महिने ज्याची मी वाट बघत होतो ते असं झालं.

मी डॉक्टरांना म्हणालो, मी येणं बंद करतो. ते म्हणाले, “म्हणजे धुळ्याला एकटे बसून कुणाकुणाला काय पाजाल. नको. इथे निदान माझ्या डोळ्यांसमोर राहा.” एवढ्यावर माझी नोकरी टिकली. ती पुढे पुष्कळ वर्षं टिकली.

अक्कांची चौथी सलाईन उशिरा झाली, आणि तिच्यापासून पुढे औषध कमी करून द्यावं लागलं, शरीर तेवढंच सोसेल म्हणून. हे मी विचारलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. “त्याने काय फरक पडेल?” मी विचारलं. “माहीत नाही,” ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही, पण त्या ‘माहीत नाही’वर मी अजून बसून आहे.

सहावी सलाईन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. अक्का आल्या. डोक्याला रुमाल, खांद्यांची हाडं वर आलेली, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून. मागे माय, पायात नवी चप्पल. मी आल्याची चकती लावलेलं लिंबू पुढे केलं तर दोघींनी एकदम माझ्या खिशातल्या पेनाकडे बघितलं. मी लिहिलं. मग अक्कांनी घेतलं.

सुई लागायच्या आधी अक्कांनी कमरेची पिशवी उघडली आणि घटाचं धान काढलं. पिवळसर, लांब, मुळाला माती. डॉक्टरांना नाही, सिस्टरांना नाही, मला दिलं. माझा हात पुढे होईना. त्या म्हणाल्या, “ल्या ना भाऊ. यंदा खरंखुरं देवीनं शे. पन हाई पेवानं नही हां. कानमा खोसानं.”

मी ते कानामागे खोसलं. थोडी माती मानेवरून सदऱ्याच्या आत गेली. मायने माझ्याकडे बघितलं, खुंटीवरच्या कागदाकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे.

मी पेन काढलं आणि तेही लिहिलं.